प्रपंचातल्या व्रताला माणसे लागतात

असिसीचे संत फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी वारले. २०२६ साली त्याला ८०० वर्षे होत आहेत. या निमित्ताने त्यांच्याविषयी बरेच लिहिले आणि बोलले जाईल. कापडव्यापाऱ्याच्या या मुलाने बापाची संपत्ती परत केली, कुष्ठरोग्यांची सेवा केली, पाखरांना उपदेश केला, ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात गव्हाणीचा देखावा उभा केला, या कथा पुन्हा सांगितल्या जातील. एक गोष्ट मात्र नेहमीप्रमाणे मागे राहील. फ्रान्सिसांच्या शिकवणीने भारावलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांनी घर सोडलेच नाही. ते दुकानात बसत राहिले, शेत कसत राहिले, मुले वाढवत राहिले आणि हे सारे करता करताच एका नियमाने बांधून घेऊन जगू लागले. व्रतस्थ बंधूंचा पहिला संघ आणि संत क्लारा यांच्या भगिनींचा दुसरा संघ यांच्यानंतर या प्रापंचिकांचा तो तिसरा संघ. आज तो ‘सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर’ या नावाने ओळखला जातो. या संघाचा आठ शतकांचा अनुभव आपल्याला एक गोष्ट बजावून सांगतो, असे मला वाटते. प्रापंचिक माणसाचे अध्यात्म केवळ वैयक्तिक भावनेवर फार काळ टिकत नाही. त्याला नियम लागतो, हिशेब लागतो आणि तो हिशेब विचारणारी माणसे लागतात. अध्यात्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे मानणाऱ्या आपल्या काळाला हे सहज पटणारे नाही. म्हणूनच ते पुराव्यानिशी तपासून पाहायला हवे.

सुरुवात मूळ नियमापासून करू. तेराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतली शहरे व्यापाराने सुजत होती, नाण्यांचा व्यवहार वाढत होता आणि एक शहर दुसऱ्याशी, एक घराणे दुसऱ्याशी सतत लढत होते. प्रायश्चित्ताचे जीवन जगू पाहणारे गृहस्थ फ्रान्सिसांच्या आधीपासून होते. फ्रान्सिसांच्या प्रभावाने त्यांच्यात नवे चैतन्य आले आणि १२२१ साली त्यांच्यासाठी एक लेखी नियमावली सिद्ध झाली. ती वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो तिचा रोखठोकपणा. देवावर प्रेम करा, नम्र राहा एवढे सांगून ती थांबत नाही. कपडा साधा, न रंगवलेला आणि ठरावीक किमतीच्या आतला असावा. मेजवान्या आणि खेळतमाशे टाळावेत. संघात येण्यापूर्वी शेजाऱ्यांशी असलेले वैर मिटवावे आणि दुसऱ्याचे अन्यायाने घेतलेले परत करावे. व्रत घेतल्यापासून तीन महिन्यांत मृत्युपत्र करावे, म्हणजे मागे भांडणे उरणार नाहीत. महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र यावे, प्रत्येकाने एक साधे नाणे कोषात टाकावे आणि त्या पैशातून गरीब आणि आजारी सभासदांना मदत करावी. कुणी आजारी पडले तर त्याची विचारपूस करावी, कुणी वारले तर अंत्यविधीला जावे.

या कलमांत एक समान धागा आहे. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या माणसाला दिसते आणि तपासता येते. अंगावरचा कपडा दिसतो, शेजाऱ्याशी अबोला संपला की नाही हे कळते, कोषात नाणे पडले की नाही हे मोजता येते. मनातला भाव कुणी मोजू शकत नाही आणि नियमाने तसा प्रयत्नही केलेला नाही. भाव आचरणात उतरला का, एवढे मात्र तो दरमहा विचारतो. मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. तिसऱ्या संघाचे आद्य सभासद म्हणून परंपरेने ज्यांचे नाव घेतले जाते ते पोज्जिबोन्सीचे लुकेसिओ व्यापारी होते, धान्याचा व्यवहार करत आणि नफ्याच्या मागे होते. पुढे पत्नी बुओनादोन्ना हिच्यासह त्यांनी आपली बरीच मालमत्ता वाटून टाकली आणि आजाऱ्यांची, गरिबांची सेवा पत्करली. वाण्याचा व्यवसाय असलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही देहूची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. दोन्हीकडे संसार मोडलेला नाही, पैशाशी असलेले नाते मात्र मुळातून बदलले आहे. संन्यास न घेता वैराग्य साधता येते, हा विश्वास वारकऱ्यांच्या माळेत आहे तसाच या संघाच्या व्रतातही आहे.

नियमाचे सामूहिक रूप का महत्त्वाचे होते, हे त्यातल्या सर्वांत धाडसी कलमावरून कळते. सभासदाने कुणाविरुद्ध प्राणघातक शस्त्र उचलू नये आणि काही अपवाद सोडता शपथा घेऊ नयेत, असे १२२१ ची नियमावली सांगते. त्या काळात सरदाराला किंवा नगराला दिलेली शपथ म्हणजे बोलावणे येताच लढायला जाण्याची हमी. ती नाकारणे म्हणजे सत्तेला अंगावर घेणे. फाएन्झा शहरात नेमके तेच झाले. अधिकारी तिथल्या प्रायश्चित्त-बंधूंना शस्त्र धरण्याची शपथ घ्यायला भाग पाडू लागले, तेव्हा पोप होनोरियस तिसरे यांनी १२२१ च्या डिसेंबरात रिमिनीच्या बिशपांना पत्र लिहून या लोकांना संरक्षण देण्यास सांगितले. या एका कलमाने युरोपातली सरंजामशाही कोसळली, असे काही भक्तिपर पुस्तकांत लिहिलेले असते. ती अतिशयोक्ती आहे आणि तिची गरजही नाही. घडले तेवढेच पुरेसे बोलके आहे. एकट्या विणकराने वा चर्मकाराने नगराच्या अधिकाऱ्याला नकार दिला असता तर तो दंड भरून किंवा तुरुंगात जाऊन संपला असता. त्याच्यासारखे अनेक एका नियमाखाली एकत्र आले, म्हणून त्यांच्या नकाराची दखल बिशपाला आणि पोपला घ्यावी लागली. सदसद्विवेक ज्याचा त्याचा असतो हे खरे, पण त्याला उभे राहायला जागा समूह देतो.

नियम सैल झाला तेव्हा काय घडले, हेही याच इतिहासात आहे. १२८९ साली पोप निकोलस चौथे यांनी नियमावलीला अधिकृत मान्यता दिली आणि त्याच वेळी शस्त्रबंदीला अपवाद जोडले. चर्चच्या, श्रद्धेच्या किंवा आपल्या भूमीच्या रक्षणासाठी शस्त्र धरायला मुभा मिळाली. कोणतेही युद्ध कुणाच्या ना कुणाच्या भूमीच्या रक्षणासाठीच चाललेले असते. त्यामुळे या अपवादाने मूळ कलमाचा कणाच काढून घेतला. पुढे १८८३ साली पोप लिओ तेरावे यांनी नियम आणखी सोपा केला. हेतू चांगला होता. ते स्वतः तिसऱ्या संघाचे सभासद होते, औद्योगिक समाजातल्या विषमतेवर हा संघ उतारा ठरेल असे त्यांना वाटत होते आणि सामान्य कामगारालाही त्यात येता यावे अशी त्यांची इच्छा होती. सभासद वाढलेही. पण अनेक ठिकाणी संघ हा धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) अनेक भक्तिमंडळांपैकी एक होऊन बसला. नाव नोंदवायचे, रोजच्या ठरावीक प्रार्थना म्हणायच्या, एवढ्यावर काम भागू लागले. सूत्रे बहुतांशी व्रतस्थ बंधूंच्या हाती राहिली आणि त्या बंधूंच्या शाखा जितक्या, तितक्या तुकड्यांत तिसरा संघही विभागलेला राहिला. ही उणीव खुद्द संघातल्याच लोकांना जाणवली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर दीर्घ विचारविनिमय झाला आणि २४ जून १९७८ रोजी पोप पॉल सहावे यांनी आजची नियमावली मंजूर केली. संख्येपेक्षा सहवासाला महत्त्व देणारा हा बदल माझ्या म्हणण्याचा मोठा पुरावा आहे, कारण तो बाहेरून लादलेला नव्हता, अनुभवातून आलेला होता.

ही नियमावली अवघ्या २६ कलमांची आहे. शुभवर्तमानातून जीवनाकडे आणि जीवनातून शुभवर्तमानाकडे सतत ये-जा करत राहावी, हे तिचे सूत्र. तिचा सगळा भार स्थानिक बंधुमंडळावर आहे. आयुष्यभराचे व्रत घेतलेले किमान पाच सभासद असल्याशिवाय असे मंडळ स्थापन करता येत नाही. नव्या माणसाला लगेच व्रत मिळत नाही. आधी ओळखीचा काळ, मग किमान वर्षभराची तयारी, त्यानंतर वचन. मंडळाचे प्रमुख, उपप्रमुख, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि नवागतांना घडवणारे मार्गदर्शक यांची तीन वर्षांसाठी निवड सभासदच मतदानाने करतात. आध्यात्मिक साहाय्यक म्हणून बहुधा फ्रान्सिस्कन धर्मगुरू असतात, पण कारभार प्रापंचिकांचा असतो. खर्चासाठी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यायची. गरजा कमी करणे, काम ही देणगी मानणे, कुटुंबात शांतीचे वातावरण जपणे, न्यायासाठी पुढाकार घेणे, सृष्टीतल्या प्रत्येक जिवाचा आदर करणे ही सारी कर्तव्ये नियमात आहेत. वेळोवेळी बाहेरचे प्रतिनिधी येऊन मंडळाची पाहणी करतात. पाच-दहा माणसांच्या गटासाठी एवढी व्यवस्था कशाला, असे वाटू शकते. पण लहान गटात माणूस लपू शकत नाही. हजारोंच्या मेळाव्यात आपण आलो काय आणि न आलो काय, कुणाला कळत नाही. आठजणांच्या बैठकीत एक खुर्ची रिकामी राहिली तर कुणीतरी घरी चौकशी करतोच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की खरे नैतिक धैर्य एकट्याचेच असते आणि मंडळे फार तर सामान्यांना सांभाळतात. याला आधार म्हणून याच संघातल्या एका माणसाचे उदाहरण देता येईल. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, तीन लहान मुलींचा बाप. १९४० च्या डिसेंबरात तो तिसऱ्या संघात आला. हिटलरच्या युद्धात लढायला त्याने नकार दिला. शेजारी, धर्मगुरू, अगदी लिन्झचे बिशपसुद्धा त्याला समजावत होते. त्याने ऐकले नाही आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केले. त्याच्या अखेरच्या निर्णयात कोणतेही मंडळ त्याच्या पाठीशी नव्हते, हे मान्य करायलाच हवे. पण असा निर्णय एका रात्रीत होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची प्रार्थना होती, चर्चमधली रोजची सेवा होती, पत्नी फ्रान्झिस्काच्या श्रद्धेची साथ होती आणि इतरांसारखे जगण्यापेक्षा शुभवर्तमानाप्रमाणे जगण्याचे एक वचन होते. समूह माणसाला घडवतो आणि कधीकधी घडलेला माणूस त्या समूहाच्याही पुढे जातो. तेव्हा दोष कमी पडणाऱ्या समूहाचा; त्यावरून समूहाची गरज नाही असे ठरत नाही. शिवाय प्रत्येकजण येगरश्टेटर नसतो. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दारूत बुडालेला होता. त्याने दारू सोडली ती आधी तीन महिन्यांच्या शपथेने, मग ती वाढवत नेऊन जन्मभरासाठी. १८९० साली तो तिसऱ्या संघात आला आणि १९२५ साली मरेपर्यंत मजुरी करत, मिळकतीतले बरेच वाटून टाकत जगला. छोटी मुदत, जाहीर वचन आणि नंतर आयुष्यभराची बांधिलकी या पायऱ्या साध्या माणसाला वर नेतात. व्रतासाठी तयारीचा काळ ठेवणाऱ्या संघाला हे ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समूह माणसाला गिळतो. बाबा-बुवांभोवतीचे गट, त्यांतली पिळवणूक आणि अंधभक्ती महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहे. त्यामुळे ‘संघ’, ‘व्रत’, ‘नियम’ हे शब्द ऐकताच विचारी माणूस सावध होतो आणि ते योग्यच आहे. पण अशा वेळी कोणत्या समूहापासून सावध राहावे, याचे निकष हवेत. जिथे प्रमुख बदलत नाही, पैशाचा हिशेब दिसत नाही, माणसाला घरापासून तोडले जाते आणि बाहेरच्या कुणाला आत डोकावता येत नाही, तिथे धोका आहे. प्रापंचिक फ्रान्सिस्कनांच्या रचनेत या चारही गोष्टींवर अटकाव आहे. मुदत संपली की निवडणूक होते, कोषाध्यक्ष उत्तरदायी असतो, सभासद आपल्या घरी आणि आपल्या नोकरीधंद्यात राहतो, बाहेरून पाहणी होते. म्हणून तिथे कधी चुकीचे घडतच नाही असा दावा कुणी करू नये. जुन्या नियमात तर पतीच्या संमतीशिवाय विवाहित स्त्रीला प्रवेश नसे, ही आज सरळ खटकणारी अट होती. पण काळाबरोबर नियम बदलता येतो, कारण तो लिहिलेला आहे आणि कुणा एकाच्या लहरीवर चालत नाही. एकट्या माणसाला मात्र फसवायला बाहेरचा बुवा लागत नाही. आपल्या प्रत्येक सोयीला तो अध्यात्माचे नाव देऊ शकतो आणि त्याला टोकणारे कुणी नसते.

तिसरा आक्षेप आपल्या भूमीशी निगडित आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्सिस्कन बंधूंनी इथे जम बसवला तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून येऊन. सोळाव्या शतकात गोव्यातल्या बारदेशातले धर्मप्रसाराचे काम त्यांच्याकडे होते आणि त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यातल्या शैव स्थानाचे चर्च झाले, तेही फ्रान्सिस्कनांच्या हातून. तिसऱ्या संघाचे आश्रयदाते मानले गेलेले फ्रान्सचे राजे लुई नववे यांनी क्रुसेडच्या मोहिमा काढल्या. ते संघाचे सभासद होते की नाही याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण शस्त्र नाकारणाऱ्या नियमाला योद्धा राजा आदर्श म्हणून चालला, ही विसंगती उरतेच. या इतिहासाचे समर्थन करता येत नाही आणि करूही नये. त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा, एवढाच प्रश्न आहे. ज्या वेळी फ्रान्सिसांचे अनुयायी राजसत्तेच्या बाजूला जाऊन बसले, त्या वेळी त्यांनी १२२१ च्या नियमाचा गाभाच सोडला होता. त्यांना दोषी ठरवणारी कसोटी त्यांच्याच मूळ नियमात सापडते. सत्तेशी शपथेने बांधून घेऊ नका, शस्त्र धरू नका, दुसऱ्याचे घेतलेले परत करा, ही ती कसोटी. आजच्या कोणत्याही धर्मातल्या कोणत्याही मंडळाने सत्तेच्या जवळ जाताना ती आठवावी.

गोव्यात या संघाची एक खूण अजून दिसते. उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. तिची सुरुवात सतराव्या शतकात पिलारच्या मठातून, तिसऱ्या संघाच्या परंपरेतून झाली. पोर्तुगालने १८३४ साली पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. बंधू गेले, मिरवणूक राहिली; आज ती सेंट अँड्र्यू चर्चच्या धर्मग्रामाच्या हाती आहे. प्रापंचिकांनी सांभाळलेले टिकते, असा याचा आनंददायी अर्थ आहे. पण त्याला एक इशाराही जोडलेला आहे. वर्षातून एकदा होणारा सोहळा टिकवणे तुलनेने सोपे असते, कारण त्याला गर्दी, संगीत आणि कौतुक लाभते. महिन्याची बैठक, आजाऱ्याच्या घरची फेरी आणि कोषातले नाणे यांना कुणी टाळ्या वाजवत नाही. कोणत्याही पंथाचे आरोग्य तपासायचे तर त्याच्या उत्सवाकडे पाहून भागत नाही, त्याचे साधे महिने पाहावे लागतात.

महाराष्ट्रानेही या परंपरेला काही दिले आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तप्रेमी तिथे एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. टिळकांचे पुढे चरित्र लिहिणारे अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. साधे राहणे, भारतीय पद्धतीची उपासना आणि भारतीय व इंग्रज सभासदांनी बरोबरीने एकत्र नांदणे, हा त्याचा रोख होता. त्या संघाची तत्त्वे त्याचे काही सभासद इंग्लंडला घेऊन गेले आणि तिथल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कनांनी ती स्वीकारली. आज जगभर पसरलेले अँग्लिकन तिसऱ्या संघाचे प्रापंचिक सभासद महिन्याच्या तीस दिवसांत विभागून जी तत्त्वे रोज वाचतात, त्यांचे मूळ पुण्याच्या त्या आश्रमात आहे. प्रपंचातले व्रत एका देशाचे वा एका चर्चचे राहत नाही, ते असे परस्परांकडून शिकत पुढे जाते.

आपल्याकडे आज अध्यात्माचा दुष्काळ नाही. प्रवचने मोबाइलवर आहेत, ध्यानाची शिबिरे आहेत, सकाळी सकाळी सुविचार येऊन पडतात. यातून मनाला आधार मिळत असेल तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण या सगळ्यात आपण श्रोते किंवा ग्राहक असतो. आपण गेल्या महिन्यात कसे वागलो, कुणाचे देणे थकवले, कुणाशी बोलणे टाकले, हे विचारण्याचा अधिकार आपण कुणालाच दिलेला नसतो. तो अधिकार देण्याची तयारी म्हणजेच व्रत. त्यासाठी ख्रिस्ती असायला हवे असे नाही आणि नवी संस्था काढायलाही नको. वसईच्या धर्मग्रामांतले प्रार्थनागट, गावोगावची भजनी मंडळे, शहरातली ज्येष्ठांची मंडळे हाताशी आहेत. त्यांनी तीन गोष्टी ठरवाव्यात. महिन्यातून एकदा न चुकता भेटावे आणि न आलेल्याची चौकशी करावी. ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून आपल्यातल्या आणि आसपासच्या अडलेल्याला मदत करावी आणि तिचा हिशेब उघड ठेवावा. पदे ठरावीक मुदतीने बदलावीत. आठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या विणकरांनी आणि वाण्यांनी याच मार्गाने सुरुवात केली होती. आपल्यालाही ती याच महिन्यात करता येईल.